राखेनं घासलेलं दिवं

माजं माहेर सांगोल्याकडचं, बिनपाण्याच्या रानातलं. आमचं घर मेंढरामागचं, म्हंजे घर हुतं म्हणायला, पण वर्सातलं आठ म्हैनं आमी कुटं तर फिरतीवर, आज ह्येच्या रानात मेंढरं बसीव, उद्या त्येच्या. माजा जलम बी असाच कुणाच्या तरी बांधावर झाला, कुणाचा बांध ते आईला बी सांगता येत न्हवतं. आई म्हणायची, जवारी काढायला आली हुती एवढं ध्यानात हाय बग. मग आधार कार्डावर काय तारीख लिवली ती मास्तरनं लिवली, मला इचारू नका ताई.

शाळा न्हाय. पण येक गोष्ट आईनं शिकीवली, भांडं घासायचं. तुमी हसताय, पण फिरतीवर पाणी किती असतंय? घोटभर. त्या घोटभर पाण्यात चार मुटी राख घिऊन पितळ असं काढायचं की त्यात त्वांड दिसाय पायजे. आई म्हणायची, धनगराची बाई रानात ऱ्हाती म्हणून घाण ऱ्हाती असं कुणी म्हणाय न्हाय पायजे. ते माज्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. आज हितं सोलापूरजवळ कुंभारीत आमच्या गल्लीत इचारा कुणाला बी, कलाबाईचं घर कसं असतंय. शेजारची नरसम्मा तेलगूत कायतरी म्हणती मला, मी इचारलं ह्येचा अर्थ काय गं, तर म्हणली, तू फरशी घासून घासून खालची माती काढशील. मी म्हणलं काढीन, तुजं काय जातंय?

लगीन झालं ते आमच्यातल्याच माणसाशी, पण त्येंच्या घरातली मेंढरं तवर इकून झाली हुती, सासऱ्याचं डोळं गेलं हुतं म्हणून. काचबिंदू का काय ते. माणूस हातातली काठी टेकीत अंगणात हिंडायचा आन् कोंबडीला बी म्हणायचा, कोण हाय? मी नवी नवरी, मला हसू बी यायचं आन् रडू बी. तर आमचं मालक, म्हंजे माजा नवरा, ह्ये मेंढरामागं न जाता गाडीवर चढलं. आदी दुसऱ्याच्या टेम्पोवर, मग आमी सोलापुरात आलो, मी इड्या वळाय लागले, हितं कुंभारीत घर मिळालं, आन् मग त्येनी सोताचा जुना टेम्पो घेतला. नातेपुत्याकडनं भाजी भरायची, अकलूजवरनं, टेंभुर्णीवरनं, मोहोळवरनं सोलापुरात आणायची, पहाटं लिलावाच्या आदी उतरवायची. म्हंजे समदा धंदा रातचाच. दिवसा माणूस झोपतोय, रातचं मी झोपते. असा संसार झाला आमचा. तीस वर्सं म्हणा की. पोरीची लग्नं झाली, तवर आमी येकमेकाशी किती बोललो आसंल? जेवा, आलं का, झोपा, उठा, एवढंच.

आता मेन सांगते. त्या जुन्या टेम्पोचं दिवं कसं हुतं, गोल, काचंचं, जाड. खंडेनवमीला आमी समद्या हत्याराची पूजा करतो की न्हाय, माजी इड्याची कात्री, सूप, घरातली कोयती, आन् दारात टेम्पो. पूजेच्या आदल्या दिवशी समदं घासायचं, ह्यो माजा नेम. टेम्पो मालक धुवायचं, पण दिवं मी कुणाला हात लावू द्यायची न्हाय. चुलीतली राख चाळून घ्यायची, त्यात वाईच चिंच, नारळाची शेंडी घ्यायची आन् घासायचं. समईगत निगायचं दिवं. मालक लांबनं म्हणायचं, अगं भिंग पडंल. मी म्हणायची, पडू द्या. दर वर्सी. कदी काय झालं न्हाय, काच ती काच, राखेला काय दाद देती व्हय?

मग टेम्पो म्हातारा झाला आन् आमी पिकअप घेतली. जुनीच, पण चांगली, दोन हातातनं आल्याली. तिचं दिवं असं निमुळतं, लांबडं, वर मोतीबिंदू आल्यावानी पिवळसर पडल्यालं. मला ते पिवळं बगवंना. गाडी घरात आली आन् महिन्याभरात नवमी आली. मी राख घेतली, शेंडी घेतली, पिवळं निगंना म्हणून विटंचा भुगा घातला, तरी निगंना म्हणून तारंची घासणी घेतली. घाम गळूस्तवर घासलं बगा. पाणी मारलं आन् काय सांगू तुमाला, पिवळं गेलं, निवळशंख दिवा! मी नरसम्माला हाक मारून दावलं. मग पाणी सुकलं तसं वर पांडरं पांडरं दिसाय लागलं, ताकाचा हात लागल्यागत. मी म्हणलं राख ऱ्हायली आसंल. खोबरेल तेलाचं बोट फिरीवलं तर परत झकाक. त्यावर कुकवाचं सातीक काढलं, नारळ फोडला. मालक खूश. म्हणलं, गाडी नवी दिसाय लागली की.

ते काचंचं नसतंय, पिलास्टिक असतंय, ह्ये मला कोण सांगणार? आन् कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, ते बी खरंच हाय म्हणा.

मग काय, सवंच लागली. आटवडा झाला की ते पांडरं पडायचं, मी राख घ्यायची, तेल लावायची. तेलाला धूळ चिकटायची, मग मी आणखी घासायची. दर मंगळवारी. दिवसा बगाल तर दिवं चमकतंय, कोण म्हणंल ह्येला काय झालंय?

दिवाळी झाली आन् मालक बदाललं. आदी सकाळी यायचं, अंघूळ करायचं, भाकरी खायचं, झोपायचं. आता आलं की पायरीवरच बसायचं, दोनी हातानं डोळं दाबून. म्हणायचं वल्लं फडकं दी. फडकं डोळ्यावर ठिवून तसंच आडवं. मान आखडल्याली, खांदं आखडल्यालं, दात बी दुकतात म्हणायचं, मी म्हणलं दाताचा आन् गाडीचा काय संबंध? म्हणलं, दात आवळून बसतो गं रातभर. चार तासाचा रस्ता पाच तास, साडेपाच तास व्हाया लागला. लिलाव सुटाया लागला. शेतकऱ्याचं फोन. आन् घरात चिडचिड, भाकरी गार का, पोरगी फोन करंना का, नरसम्माचा टीवी मोठा का.

मला काय वाटलं आसंल, सांगा? तांबडं डोळं, उशीर, चिडचिड. मला वाटलं प्यायला लागलं. झोपल्यावर मी त्येंच्या त्वांडाचा वास घ्यायची. ताई, तीस वर्सं ज्येनं कदी थेंब घेतला न्हाय त्येच्या त्वांडाचा वास घेतला म्या. येक दिवस ते जागंच हुतं. डोळ्यावरचं फडकं न काढता म्हणलं, न्हाय पीत गं मी, दमतोय. मला अशी लाज वाटली, तरी त्वांड गप ऱ्हातंय व्हय माजं? म्हणलं, दमाय काय झालं, बसूनच तर असताय!

मग डोळं तपासाय गेलो, शिबिर लागलं हुतं. डॉक्टर म्हणलं, वयानं वाईच नंबर आलाय, चष्मा लावा, बाकी काय न्हाय. साखर तपासली, न्हाय. पण मालकाच्या मनात बाप हुता, आंधळा झाल्याला बाप. म्हणलं, शंभर माणसं बगत्यात ते, त्येला काय कळतंय, आमच्या घराण्यात हाय ह्ये. चष्मा लावला, फरक न्हाय. म्हणलं, गाडीचा बल्ब मोठा टाकतो. टाकला. तर समोरनं येणारं समदं अप्पर, म्हंजे वरचा झगझगीत दिवा, मारायला लागलं, शिव्या द्यायला लागलं, म्हंजे आमचा उजेड रस्त्यावर न जाता लोकाच्या डोळ्यात, आन् लोकाचा आमच्या. तरी आमाला कळंना. दिवा लागतोय की, आणखी काय पायजे? दिवा लागतोय म्हंजे दिसतंय, असंच धरून चालतो की माणूस.

मग मीच म्हणलं, मी येते. इड्याचं काम दिवसा करीन, रातचं तुमच्या शेजारी बसते, बोलत ऱ्हाते, झोप यायची न्हाय तुमाला. न्हाय न्हाय म्हणलं, पण मी बसलेच, पदर खोचून.

काय सांगू तुमाला त्या राती. आदी मला काय बोलावं कळंचना. मग बोलाय लागलो. आई, फिरती, थोरलीच्या टायमाला ते गाडीवर हुतं आन् मी येकलीनं काढल्याली रात, त्येनी म्हणलं, मी टेंभुर्णीत हुतो, निरोप आला तवा गाडी बाजूला घिऊन रडलो. मला ह्ये म्हाईतच न्हवतं! तीस वर्सांनी कळलं. आमचं खरं लगीन त्या केबिनमदी झालं म्हणा. मी कनवटीतनं बडीशोप काडून द्यायची, ते म्हणायचं, बोल, थांबू नगं, तू थांबलीस की डोळं मिटतंय.

पण मी बी बगत हुते की रस्ता. म्होरं गाडीच्या नाकापाशी दुधाळ उजेड सांडल्याला, त्येच्या म्होरं काळं. मालक पार पुढं वाकून, छाती चाकाला लावून बगायचं. ऊसाची सीजन, दोन दोन ट्रॉल्या लावल्यालं ट्रॅक्टर, मागं दिवा न्हाय काय न्हाय, आन् ती ट्रॉली अशी येकदम अंगावर यायची की मी पायानं बिरेक दाबायची, जणू माज्या पायाखाली बिरेक हाय. दोन तासात माजं बी डोळं चुरचुरायचं, डोकं जड, कायच काम न करता अंग ठेचल्यागत व्हायचं. मी म्हणलं, रात म्हंजे अशीच असती वाटतं. म्या कुटं बगितली हुती रातची गाडी? मला वाटलं समद्या डायवरला असंच दिसत आसंल, बिचारं. आन् मंगळवारी परत राख घेतली.

करायला गेलो गणपती आन् झाला मारुती म्हणतात न्हाय का, तसं.

ती रात. अकलूज मागं पडलं हुतं, टेंभुर्णी यायची हुती. बारा वाजून गेल्यालं. रस्त्याकडंच्या रानात कुणाची तरी मेंढरं बसल्याली आसावीत, लांडगं आलं का कुत्री, ती उटली आन् रस्त्यावर आली. आता बगा, मी मेंढरातली हाय. मेंढराचं डोळं उजेडात चमकतात, लई लांबनं. ल्हानपणी बाच्या बॅटरीच्या उजेडात अख्ख्या रानभर हिरवं हिरवं ठिपकं दिसायचं, मी मोजायची. त्या राती मला डोळं चमकल्यालं दिसलं, पण कवा, अगदी नाकापाशी आल्यावर. मी वरडले, मेंढरं! मालकानी करकचून बिरेक मारला, गाडी वाकडी झाली, तीन मेंढरं खाली आली. आन् त्येंच्या मागं, काळं घोंगडं पांगरल्याला, मेंढरं वळवाय पळत आल्याला म्हातारा. त्येचा पाय चाकात आला.

त्येचं नाव बिरूमामा. त्या राती कुटं म्हाईत हुतं. त्येच्या घरची माणसं काट्या घिऊन धावली, मालकाला येक दोन हाणल्या बी, मालकानी हात वर सुद्दा केला न्हाय. मी मदी पडले, म्हणलं मारा, पण आदी ह्येला गाडीत घाला. माजी बोली ऐकून त्येची म्हातारी म्हणली, गं, तू कुणाची? मी माज्या बाचं नाव सांगितलं. ती मटकन खाली बसली. म्हणली, आपलीच हायती ही. भाजी रस्त्यातच उतरीवली, त्येला गाडीत झोपीवला, डोकं माज्या मांडीवर. दवाखान्यापतूर त्यो येकच सबूद बोलत हुता, मेंढरं मोजा, मेंढरं मोजा.

पाय वाचला, पण आखूड झाला. पोलीस झालं, जे द्यायचं ते दिलं, ते सोडा.

मालकानी चावी खुटीला अडकीवली ती अडकीवली. म्हणलं, माजं डोळं गेलं, आता मी गाडीला हात लावीन तर माणूस मारीन. हितंच येका गोडाऊनवर रखवालदार म्हणून बसाय लागलं. खुर्चीवर बसायचं, लोकास्नी नाव इचारायचं. गाडी दारात धूळ खात. मी दिवं पुसाय गेले तर म्हणलं, ऱ्हावदी, आता कुणाला दावायचंय.

असं आठ म्हैनं गेलं. मग मी म्हणलं, गाडी इकूया, निदान नजरंम्होरनं तरी जाईल. बॅटरी बसल्याली, म्हणून वायरिंगवाल्या अल्ताफला बलवलं. पोरासारका हाय, मला मावशी म्हणतो. मालक कामावर हुतं. त्यो आला, बॅटरी जोडली, दिवं लावलं, म्होरं गेला. दिव्यावर बोट फिरीवलं. म्हणला, मावशी, ये कौन घिस्या? मी म्हणलं, का रं? त्येनं बाटलीतलं पाणी दिव्यावर वतलं, म्हणला, अब देखो. साफ दिसतंय का? दिसतंय. मग फडक्यानं कोरडं केलं. पांडरं. म्हणला, समद्या बारीक रेघा हायत मावशी, कुणीतरी राखेनं न्हायतर वाळूनं घासलंय, ह्यातनं उजेड बाहीरच जात न्हाय, फाकतोय. असल्या दिव्यावर कुणी रातचं गाडी चालीवली तर तासात डोळं फुटायची येळ येईल. मालकानं कशी चालीवली म्हणं?

मी काय बोलले आसंन? मी, कलाबाई, जिच्या त्वांडाला गल्ली भेती? मी म्हणलं, घे, चा घे.

त्यो गेला आन् मी दारात बसले. समोर गाडी. मला ते मेंढराचं डोळं दिसाय लागलं, नाकापाशी आल्यावर चमकल्यालं. जिनं ल्हानपणी रानभर डोळं मोजलं तिला त्या राती समजाय नको हुतं, की ह्ये इतक्या जवळ आल्यावर का चमकलं? समजलं न्हाय. आन् आता समजलं.

सांगितलं का मी लगीच? न्हाय ताई. खोटं कशाला बोलू. भ्याले. म्हणलं झालं ते झालं, पाय का आता लांब व्हणार हाय? सांगून काय? मालक तर बसल्यातच. आन् दुसरं बी सांगते, मला घासणारी म्हणून मान हुता, तेवढाच तर हुता. दोन म्हैनं मी भाकरी थापत हुते, इड्या वळत हुते, आन् पोटात ह्ये. गाडी इकायचं बी मी लांबवलं, गिऱ्हाईक आलं तर म्हणायची मालक न्हाईत घरात.

मग येक दिवस दुपारी मी पाणी भराय गेले हुते, परत आले तर दार लोटल्यालं. फटीतनं बगितलं. मालक घरात येकलंच, डोळं गच्च मिटल्यालं, हात म्होरं करून चालत हुतं. चुलीपतूर सा पावलं, मग हाताला मांडणी, मग रांजण, रांजणावरचं भांडं चाचपून पाणी घेतलं, प्यालं, भांडं जाग्यावर ठिवलं. परत मागं. बारक्या आवाजात मोजत हुतं, येक, दोन, तीन. आंधळं व्हायची सवं करत हुतं ताई! चांगल्या डोळ्याचा माणूस! माज्या हातातली घागर कुटं पडली मला कळलं न्हाय.

आत गेले आन् बसल्या जागी समदं सांगून टाकलं. राख, विटंचा भुगा, तारंची घासणी, तेल, अल्ताफ, समदं. म्हणलं, तुमचं डोळं न्हाय गेलं, दिवं गेलं हुतं, आन् ते मी घालीवलं. मला वाटलं आता हात उगारतील. उगारायला पायजे हुता. तर ते म्हणलं, म्हंजे माजं डोळं बरं हायत? मी म्हणलं व्हय. परत म्हणलं, खरंच बरं हायत? व्हय म्हणलं, डॉक्टरनी सांगितलं हुतं की, तुमीच ऐकलं न्हाय. मग जे रडाय लागलं, माज्या खांद्यावर डोकं ठिवून, मी त्येंच्या बापाच्या मयतीत बी असं रडल्यालं बगितलं न्हवतं. बरं हायत, बरं हायत, एवढंच म्हणत हुतं.

राग नंतर आला. म्हंजे आला आसावा. नऊ दिवस माज्याशी बोललं न्हाय. मी वाढलेलं खायचं, पण पाणी सोताच्या हातानं घ्यायचं. अल्ताफकडनं नवं दिवं बसवून आणलं. त्या सांजंला अंदार पडल्यावर दारातच दिवं लावलं, समोरच्या भितीवर उजेड असा कापल्यागत पडला, भितीतली वीट आन् वीट दिसाय लागली. मालक लई येळ त्या भितीकडं बगत बसलं. दहाव्या दिवशी चावी काढली आन् नातेपुत्याला गेलं. सकाळी आलं तर तांबडं डोळं न्हाय, आखडल्याली मान न्हाय, काय न्हाय. भाकरी खाल्ली आन् झोपलं, पयल्यासारकं. मी त्येंच्या त्वांडाकडं बगत बसले. वर्सभर माणूस ज्याला म्हातारपण म्हणत हुता ते उतरून गेलं हुतं येका रातीत.

मी म्हणलं, मी येते की शेजारी. म्हणलं, कशाला? आता दिसतंय. झोप तू.

बरोबरच हाय. पण मी आपली जागीच असते बाराला. पडल्या पडल्या म्हणते, आता माळशिरस आलं आसंल, आता अकलूज. बोलायचं लई काय काय ऱ्हायलंय.

बिरूमामा येतो अजून. पाय दावाय दवाखान्यात येतो सोलापुरात, मग हितंच जेवाय असतो, आता नातंच झालंय. माज्या डोळ्यानं घात केला, असं मालकानी त्येला तवाच सांगितल्यालं हाय. काठी टेकीत येतो, वट्ट्यावर बसतो आन् मोठ्यानं इचारतो, काय पाव्हणं, डोळं काय म्हणत्यात? आन् आमचं मालक म्हणत्यात, बरं हायत मामा, रातचं औषद घालतो. पयल्यांदा ऐकलं तवा माजी चुलीवरची भाकरी करपली. औषदाची बाटली बी आणलीया त्येनी, खरी, वट्ट्यावरनं दिसंल अशी कोनाड्यात ठिवलीया, बूच सुद्दा फोडलं न्हाय अजून. धूळ बसती तिच्यावर, मीच पुसते. मामा ती बाटली बगतो आन् म्हणतो, जपा बाबा डोळ्यास्नी, माज्या पायाचं काय, गेला तो गेला, तुमी आंधळं होऊ नगा. कीव करतो त्यो मालकाची. लंगडा माणूस धडधाकट माणसाची कीव करतोय, आन् मालक मान खाली घालून व्हय व्हय म्हणत्यात.

मी येकदा म्हणलं, मी सांगते त्येला. मालक म्हणलं, न्हाय. गाडी मी चालवत हुतो. आन् आता त्येला माजी कीव येती, त्यावर त्येचं भागलंय. तुजं कळलं तर त्येला राग यील, आन् तो राग घिऊन त्यो लंगडत कुटं जाईल? तुजं नाव न्हाय घ्यायचं. एवढंच बोललं, आन् कूस बदलून झोपलं.

माफ केलं का शिक्षा केली ह्ये मला अजून कळलं न्हाय ताई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्या संपतात की. मागल्या बेस्तरवारी मामा आला हुता. मालक म्हणलं, औषदानं लई फरक हाय. मी चा घिऊन दारात उबी, त्वांडात आलं हुतं, मामा, ह्येंच्या डोळ्याला काय झाल्यालंच न्हाय. मालकानी माज्याकडं नुसतं बगितलं. चांगल्या, सवच्छ डोळ्यानं बगितलं. मी मामाच्या हातात कप दिला आन् म्हणलं, साखर बगा कमी हाय का.

तुमी लिवा पण. मामाला वाचता येत न्हाय. निगा आता, चार वाजलं, उजेड हाय तवर घरी पोचा. जपून जावा.